तीर्थपुरीचा अनपेक्षित मुक्काम

प्रवासवर्णन म्हटलें कीं त्यांत हिमालयाचीं शिखरें नसलीं तरी निदान महाबळेश्वरचें धुकें असावें, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मला जें सांगावयाचें आहे त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, तीर्थपुरी नांवाचें एक बाजारपेठेचें गांव आहे. तेथें गेल्या माघांत आम्हांला साडेचार तास सक्तीचा मुक्काम घडला, एवढाच या प्रवासाचा गाभा. कैलासाची यात्रा करून आलेल्या एखाद्या वाचकाला तीर्थपुरी म्हणतांच तिबेटांतील सतलजेच्या कांठचे उष्ण झरे आठवतील. तें स्थान निराळें. आमच्या तीर्थपुरीस उष्ण असें कांहीं आढळलें असेल तर तो तेथील चहा.

प्रवासास निघालेलीं मंडळी चार. आई, वय वर्षें ८४, गुडघे दोन्ही निकामी, स्मरणशक्ति मात्र आम्हां सर्वांच्या बेरजेहून अधिक. सौ., जिनें हा बेत प्रथमपासून नापसंत केला होता आणि तरीहि पहांटे उठून दशम्या भाजल्या होत्या. मी, पेन्शनींत निघालेला शिक्षक. आणि चौथी आमची मोटार, १९९९ सालची मारुति ८००.

या मोटारीविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. तिच्या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं गिऱ्हाइकाच्या हातीं पडली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन कायमचें थांबलें. तीन सिलिंडरें, ७९६ सी. सी. चें इंजिन, बारा इंची चाकें, आणि वजन साधारण साडेसहाशे किलो. तीस वर्षांत मध्यम स्थितींतल्या किती कुटुंबांनीं आयुष्यांतली पहिली मोटार म्हणून तिला नारळ फोडला असेल, त्याची गणति नाहीं. आमच्या वडिलांनीं ती निवृत्त होतांना हातीं आलेल्या पैशांतून घेतली. तिच्यासाठीं एक लांब वही घातली आणि तींत पेट्रोल, हवा, पंक्चर, वायपरचें रबर असा पै न् पैचा जमाखर्च स्वतःच्या कोरीव अक्षरांत लिहिला. वडील गेले, वही राहिली. तिच्यांत पुढें माझ्या हातचें गचाळ अक्षर सुरू झालें, एवढेंच.

गेल्या वर्षभरांत या मोटारीचें काय करावयाचें हा आमच्या घरांतला मोठा वादाचा विषय होऊन बसला होता. पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणीचें दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशे रुपयांवरून एकदम पांच हजार झाली. २०२४ सालीं मीं ते पांच हजार भरले तेव्हां पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, या पैशांत टॅक्सीनें किती फिरला असतास!" त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून पटत नव्हती. त्याची स्वतःची नवी मोटार चांगली ऐसपैस आणि उंच आहे; तिच्यांत चढतांना आईचा पाय पायरीवर ठरत नाहीं. एकदां दोघांनीं धरून तिला वर बसविलें, तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें. दुःखापेक्षां लाजेनेंच अधिक. आमच्या ठेंगण्या मारुतींत ती पाटावर बसावें तशी बसते, आणि पाय मागाहून आंत घेते. मोटार विकली म्हणजे आईचें घराबाहेर पडणें संपलें, हा त्या वादाचा खरा मुद्दा होता. तो कोणी मोठ्यानें बोलत नसे.

तशांत मोटारीला दुखणें जडलें. ब्रेक दाबला कीं पुढच्या डाव्या बाजूनें 'ठक्' असा आवाज, खड्ड्यांतून जातांना 'खड्-खड्', आणि गाडी हळूंच डावीकडे ओढूं लागे. शहरांतील एका मोठ्या वर्कशॉपांत ती दाखविली. तेथील गृहस्थांनीं गाडीखालीं न वांकतां संगणकावर यादी काढून दिली: पुढचे दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, त्यांचीं मौंटिंगें, स्टिअरिंगचे सांधे, मजुरी व कर मिळून चौदा हजारांच्या घरांत. मोटारीला भंगारवाला जी किंमत देत होता तिच्याहून ही रक्कम फार कमी नव्हती. भावानें गिऱ्हाईक पाहून ठेवलें. मीं एवढेंच मागून घेतलें कीं आईला एकदां जांबला नेऊन आणतों, मग काय तें करूं.

जांब म्हणजे जांब समर्थ, श्रीसमर्थ रामदासांचें जन्मग्राम. १६०८ सालच्या रामनवमीस त्यांचा जन्म येथेंच झाला. २०२२ च्या ऑगस्टांत तेथील श्रीराम मंदिरांतल्या जुन्या मूर्ति चोरीस गेल्या, तेव्हां आईनें दोन दिवस नीट अन्न घेतलें नव्हतें. आणि पुढें त्याच वर्षीं मूर्ति पोलिसांच्या हातीं लागल्याची बातमी आली, तेव्हां तिनें दर्शनास येईन असें बोलून टाकलें होतें. बोललेलें अडीच-तीन वर्षें राहून गेलें. चौऱ्याऐंशींव्या वर्षीं 'पुढें पाहूं' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाहीं.

तर सकाळीं सात वाजतां आम्ही जालन्याहून निघालों. जालना हें व्यापारी शहर. लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाण्यांचे उद्योग आणि मोसंबीचा बाजार यांवर तेथील पैसा खेळतो. शहर मागें पडलें कीं अंबडपर्यंत सडक बरी आहे. अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचें ठाणें आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचें हें नांव. पायऱ्या चढणें आईला शक्य नव्हतें. तिनें मोटारींतूनच हात जोडले आणि मला दोन मिनिटें इंजिन बंद ठेवावयास सांगितलें. देवीसमोर खडखडाट नको, असें तिचें म्हणणें.

अंबडच्या पुढें गोदावरीच्या खोऱ्याची काळी माती सुरू होते. या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो, मोटारवाल्याला तो उशिरां कळतो. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून हातहात खोल भेगा पाडते. तिच्या पाठीवर घातलेली सडक वर्षांतून एकदां वर येते, एकदां खालीं जाते. डांबर कितीहि चांगलें घाला, तळची जमीनच हलत असेल तर वरचा थर सपाट कसा राहावा? त्यांत भर कालव्याची. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्रींच्या हस्तें बसली आणि १९७६ मध्यें धरण पुरें झालें. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालना जिल्ह्यांतून परभणीकडे जातो. कालव्यानें पाणी आलें, पाण्यामागें ऊंस आला, उंसामागें दोनदोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरांमागें रस्त्याला खड्डे आले. तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध? ज्या पाण्यानें हा मुलूख पोसला, त्यानेंच आमच्या मोटारीचीं हाडें खिळखिळीं केलीं होतीं.

माघ म्हणजे उंसाच्या तोडणीचा भर. आमच्या पुढें एक लादलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. त्याला ओलांडण्याच्या नादांत मला रस्त्यावरचा उंचवटा दिसला नाहीं. अगोदर 'सावधान' अशी पाटी होती, हें मागाहून सौ. नें सांगितलें. मोटार उसळली, ब्रेक दाबला गेला, 'ठक्' हा आवाज यावेळीं 'ठण्ण्' असा आला आणि चाक डावीकडे एवढें ओढलें गेलें कीं आम्ही जवळजवळ बाभळीला भेट देऊन आलों. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सौ. म्हणाली, "समर्थांना तो शब्द आयुष्यांत एकदांच ऐकूं आला आणि ते बोहल्यावरून निघून गेले. तुम्हांला दर दोन मैलांवर पाटी लावून सांगतात, तरी ऐकूं येत नाहीं." आई खुद्कन् हंसली. तिच्या हंसण्यानें मला धीर आला, आणि दुसऱ्या गिअरमध्यें, बैलगाडीच्या चालीनें, मीं मोटार तीर्थपुरीपर्यंत आणली. साडेनऊ वाजले होते.

तीर्थपुरीस आतां नगरपंचायत आहे. पण गांवाचा चेहरा मोठ्या खेड्याचाच. रस्त्याच्या दोहों बाजूंस खतांचीं व बियाण्यांचीं दुकानें, पाइपांच्या गुंडाळ्या, भांड्यांचा ढीग, मोबाइलचीं दुकानें, भेळ-भज्यांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचीं शेडें. अशाच एका पत्र्याच्या शेडापाशीं मीं मोटार उभी केली. मिस्त्री पंचविशीचा, सडपातळ; नाकावर काळें लागलेलें. त्यानें माझें सगळें निवेदन ऐकून घेतलें, शहरांतली यादी वाचली, घडी करून माझ्या हातांत परत दिली आणि म्हणाला, "काका, कागद राहूं द्या. गाडी बघूं."

पुढचा अर्धा तास त्यानें जें केलें तें मीं लक्षपूर्वक पाहिलें, आणि ज्यांच्या दारांत जुनी मोटार आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून येथें नमूद करतों. प्रथम त्यानें पुढचा मडगार्ड सगळ्या अंगानें खालीं दाबून सोडला. मोटार एकदां वर आली आणि जागच्या जागीं थांबली. "शॉकअप धड हायेत. तेल गळत नाही, झुलतबी नाही. ते कशाला बदलायचे?" मग मला आंत बसवून मोटार हातभर पुढें, हातभर मागें घ्यावयास लावली व प्रत्येक वेळीं ब्रेक दाबावयास सांगितलें; स्वतः जमिनीला गाल लावून चाकाच्या आंतल्या बाजूस पाहत राहिला. नंतर मोटार जॅकवर उचलून तिच्याखालीं लोखंडी घोडी दिली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं जाऊं नये, हें तो आपल्या हाताखालच्या पोराला दरडावून सांगत होता. चाक वर-खालीं धरून हलविलें, डावें-उजवें धरून हलविलें. दोन्ही वेळां तें घट्ट. म्हणजे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे सांधे ठीक. शेवटीं त्यानें लांब पहार आर्मच्या आंतल्या टोकाशीं घालून हलकेच दाबली, आणि आर्म बोटभर सरकला.

"हे बगा. आर्म लोखंडाचा हाय, त्याला काय धाड भरलीय? बुश मेलाय नुस्ता."

हा बुश म्हणजे काय, तें मलाहि तोंवर नीट ठाऊक नव्हतें. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म, तो मोटारीच्या सांगाड्याला जेथें जोडलेला असतो तेथें लोखंडावर लोखंड घासूं नये म्हणून मध्यें एक रबरी सांधा बसवितात. बाहेर पोलादी नळी, आंत तिच्याहून लहान पोलादी नळी, आणि दोहोंच्या मध्यें चिकटविलेलें रबर. चाक खड्ड्यांत गेलें कीं आर्म वर-खालीं होतो. त्यावेळीं नळ्या एकमेकींवर फिरत नाहींत, मधलें रबर पिळलें जातें आणि पुन्हा पूर्वस्थितीस येतें. हजारों वेळां, लाखों वेळां. मारुति ८०० मध्यें आणखी एक खुबी आहे. पुढून जी आडवी वांकविलेली सळई जाते, जिला स्टॅबिलायझर म्हणतात, तीच चाकाला पुढें-मागें सरकूं न देण्याचें कामहि करते. ती आर्ममधून आरपार जाते व तेथें दोन्ही अंगांनीं रबरी बुश असतात. ते झिजले कीं ब्रेक लावतांच चाक अंमळ मागें जातें आणि मोटार त्या बाजूला वळते. आमच्या बाभळीच्या भेटीचें कारण हें होतें.

रबर मरतें कसें, हेंहि त्यानें दाखविलें. आमच्या बुशाला उभ्या भेगा पडल्या होत्या, काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते तशाच. उष्णता, हवेंतला ओझोन आणि वय यांनीं रबराची लवचीकता जाते. आणि इंजिनाचें तेल त्यावर ठिबकत असेल तर तें फुगून मऊ पडतें व लौकर फाटतें. मराठवाड्यांतल्या वैशाखांत वर्षानुवर्षें उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीचे बुश तिच्या मैलांवरून मोजूं नयेत, सालांवरून मोजावेत.

इतका वेळ आई मोटारीशेजारीं खुर्चीवर बसून सगळें ऐकत होती. ती म्हणाली, "अरे मुला, मग त्याला थोडें वंगण घाल ना. आमच्या गाडीच्या आंसाला नळ्यांतलें वंगण घातलें कीं आवाज बंद व्हायचा."

मिस्त्री हंसला. "आजी, बैलगाडीचा तुंबा आंसावर फिरतो, म्हणून वंगण लागतं. हे फिरत नाही, पिळतं. याला तेल म्हंजे ईख. आवाज बंद होईल आठ दिस, आन् बुश जाईल कायमचा."

बैलगाडीचें त्याला एवढें ज्ञान कसें, असें आईनें विचारलें. त्याचे वडील सुतार. त्यांनीं उभें आयुष्य गाड्यांचीं चाकें भरलीं. रबरी टायरांच्या गाड्या आल्या आणि तें काम बसलें, तेव्हां मुलगा आय. टी. आय. करून मोटारींकडे वळला. मग काय विचारतां! आरे किती असावेत, धाव तापवून लाल केल्यावर चाकावर कशी चढवितात आणि पाणी मारतांच ती आकसून लाकडाला कशी आवळते, यावर आईचें व त्याचें असें संभाषण जुंपलें कीं मोटार दुरुस्त करावयाची आहे याची मला आठवण द्यावी लागली. माझ्या आईला मीं पुष्कळ वर्षांत एवढें बोलतांना ऐकलें नव्हतें.

आतां प्रश्न बुशाचा. गांवांतल्या सुट्या भागांच्या दुकानांत लोअर आर्मचा एकच जोड निघाला, तोहि धूळ खात पडलेला. दुकानदारानें तो अर्ध्या किंमतींत देऊं केला. मला मोह झाला. मिस्त्रीनें मात्र रबराला अंगठ्याचें नख लावलें, जरासें वांकवून पाहिलें, आणि परत ठेवला. डबीतलें रबरहि म्हातारें होतें, हें मला त्या दिवशीं समजलें. नव्या वस्तूला भेगा असूं शकतात, असें मीं कधीं मनांतहि आणलें नव्हतें. अखेर अंबडच्या दुकानाला फोन झाला आणि तेथून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपच्या ड्रायव्हरबरोबर माल पाठवावा असें ठरलें. एक बाजूच बदलून भागेल का, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "डावं मेलं म्हंजे उजवं काय लई जगणार? जोडीनंच बदला. एकच नवं घातलं तर गाडी मग उजवीकडं ओढंल."

माल यावयास दोन तास लागले. त्या वेळांत आम्हीं दशम्या व दही खाल्लें, समोरच्या हॉटेलांतून तीनदां चहा आणविला, आणि मी गांवांत एक फेरी मारून आलों. कापसानें भरलेले टेम्पो, मोसंबीच्या जाळ्या, उंसाच्या मोळ्या. चावडीवजा कट्ट्यावर चार म्हातारे बसले होते. त्यांनीं मला कोण, कोठले, कोणाकडे, हे प्रश्न क्रमानें विचारले, आणि जांबला निघालों होतों असें कळल्यावर त्यांच्यांतल्या एकानें माझ्या आईसाठीं घरांतून पाण्याची कळशी पाठविली. शहरांत आपण हे प्रश्न आगाऊपणाचे समजतों. कळशी येते ती त्या प्रश्नांच्याच पाठीमागून येते, हें विसरतों.

इकडे मिस्त्रीनें आर्म उतरवून ठेवले होते. जुना बुश आंत गंजून जाम झालेला. हाताखालच्या पोरानें तो जाळून काढूं म्हणून सुचविलें. त्यावर त्यानें मोटारीवाल्यांत पुष्कळ ठिकाणीं चालणाऱ्या या युक्तीची कडक शब्दांत वाट लावली. धूर विषारी, आणि आर्मच्या लोखंडाचा पाक जातो तो निराळाच. त्यानें करवतीच्या पात्यानें आंतलें रबर कापून काढलें, बाहेरच्या नळीला एक उभा छेद दिला, आर्मला ओरखडाहि उठूं दिला नाहीं, आणि मग छिन्नीच्या दोन टिचक्यांनीं ती सोडविली. नवा बुश बसविण्यास हायड्रॉलिक प्रेस त्याच्यापाशीं नव्हता. मोठा शेगडा, एका अंगाला पाइपाचा तुकडा, दुसऱ्या अंगाला जुन्या बेअरिंगची कडी, मध्यें आर्म. आणि दांडा हळूहळू फिरवीत बुश सरळ रेषेंत आंत. हातोडा लावला नाहीं. लावला तर नळीची कड चेपते व रबर आंतून सुटतें, असें त्याचें म्हणणें. स्टॅबिलायझरच्या रबरांना मात्र साबणाचें पाणी लावून सरकविलें. पाणी सुकून जातें, तेल राहतें, म्हणून साबण.

सर्व जोडून झालें. मीं पाकीट बाहेर काढलें. पण त्यानें आर्मचे बोल्ट अजून पुरते आवळलेच नव्हते. मोटार घोडीवरून खालीं घेतली, आम्हां तिघांना आंत बसविलें, दोनदां पुढें-मागें केली, आणि चाकांवर पुरतें वजन आल्यावर तो मोटारीखालीं शिरून शेवटचा आवळा देऊं लागला. कारण विचारलें तेव्हां तो खालूनच बोलला. चाक लोंबत असतांना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितींत पकडलें जातें. मोटार खालीं टेकली कीं तें जन्मभर पिळलेलेंच राहतें, आणि दोन-तीन वर्षें टिकावयाचा बुश सहा महिन्यांत फाटतो. "लोक म्हंतात माल खराब. माल नाही काका, आवळायची येळ खराब."

हें एक वाक्य मला शहरांतल्या चौदा हजारांच्या यादींत कोठेंहि सांपडलें नव्हतें.

हिशेब असा झाला. आर्मचे दोन बुश २४० रुपये, स्टॅबिलायझरच्या टोकांचे चार १६०, पट्टीखालचे दोन १२०, जीपवाल्यास ५०, मजुरी ६००. एकूण १,१७०. चहाचे पैसे त्यानें घेऊं दिले नाहींत, म्हणजे मला देऊं दिले नाहींत. बाजारांत हल्लीं पॉलियुरेथेनचे कडक बुशहि मिळतात. ते पुष्कळ अधिक टिकतात, पण किंमत जास्त आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आंतल्या माणसाला कळवितात. आईच्या पाठीचा विचार करून मीं साधें रबरच बरें समजलों. दुसऱ्या कोणाची निवड निराळी असूं शकेल. जालन्यास परतल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घ्या, नाहींतर टायर आंतून खाल्ले जातील, अशी शेवटची सूचना देऊन त्यानें आम्हांला दोन वाजतां निरोप दिला.

कुंभार पिंपळगांवच्या बाजूनें आम्ही जांबला पोंचलों तेव्हां उन्हें कलतीं होतीं. रस्ता कांहीं सुधारला नव्हता. खड्डे होते तेवढेच होते. पण ब्रेक दाबला कीं मोटार नाकासमोर थांबे, आणि आंतला आवाज नाहींसा झाल्यामुळें मागच्या दाराची एक कुरकुर, जी इतकीं वर्षें कोणाला ऐकूं आली नव्हती, ती स्पष्ट ऐकूं येऊं लागली. मंदिरांत आई पाऊण तास बसली. तिनें मूर्तींकडे पाहून काय म्हटलें, तें मीं विचारलें नाहीं. बाहेर येतांना मात्र तिनें माझा हात न धरतां उंबरा ओलांडला आणि मग स्वतःच घाबरून मला धरलें.

परततांना संध्याकाळीं तीर्थपुरीस पुन्हा थांबलों. थोडें अंतर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत, असें मिस्त्रीनेंच सांगितलें होतें. दोन नट त्यानें पाव-पाव फेरा आणखी घेतले. पैसे घेईना, आईनें दिलेला प्रसाद मात्र हात पुसून घेतला, आणि वडिलांना द्यावयाचा म्हणून कागदांत बांधून ठेवला.

रात्रीं घरीं वही काढली. खर्च लिहावयाचा म्हणून मागलीं पानें चाळतां चाळतां वडिलांच्या अक्षरांतली २००८ सालची एक नोंद दिसली: 'पुढचे बुश, दोन्ही बाजू, जोडीनें.' शेजारीं रक्कम होती, आणि खालीं बारीक अक्षरांत, 'गाडी खालीं घेऊन मग आवळणें.' मीं त्याखालीं तारीख घातली, तीर्थपुरी लिहिलें आणि १,१७० चा आंकडा मांडला.

दुसऱ्या दिवशीं पुण्याहून भावाचा फोन आला. गिऱ्हाईक रविवारीं मोटार पाहावयास येऊं म्हणत होतें. फोन आईच्या हातीं होता. ती म्हणाली, "त्याला म्हणावें, या रविवारीं मोकळीक नाहीं. पैठणला नाथांच्या दर्शनाला जायचें आहे."